विंडोज बदलण्याआधी काट्याची केबल तपासा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विंडोज १०ला मिळणारे सुरक्षेचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले. तेव्हापासून मोंढ्यातल्या आडतीपासून ग्रामपंचायतीपर्यंत सगळ्यांना विंडोज ११ची घाई झाली आहे, आणि ते संगणकात चढवून देणारेही गल्लोगल्ली आहेत. विंडोज तासा-दोन तासांत चढतंही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं की मग कळतं: वजनकाट्यावरचं वजन संगणकात येत नाही, पावती भलत्याच मापात निघते, सरपंचांची डिजिटल सही होत नाही. संगणकाची विंडोज नवी झाली, पण त्याला जोडलेली केबल, प्रिंटर, डिजिटल सहीचं टोकन (यूएसबीत लावायची किल्ली) आणि हिशोबाचं सॉफ्टवेअर दहा-पंधरा वर्षांपूर्वीचंच राहिलं. मराठवाड्यात ही कामं करणाऱ्या आम्हा काहीजणांकडे सगळ्यात जास्त तक्रारी याच येतात, म्हणून जरा तपशिलात लिहीत आहोत.

मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' चालवून हिरवी खूण दिसली की लोक निर्धास्त होतात. ते फक्त यंत्र तपासतं: ६४-बिट प्रोसेसर (इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा), ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचाच प्रोग्राम चालू देणारी सोय). तुमचं बिलाचं सॉफ्टवेअर चालेल का, याचा त्यात काही पत्ता नसतो. लाल खूण दिसली म्हणून लगेच नवा संगणकही घेऊ नका. बऱ्याच बोर्डांवर टीपीएम असतं, पण बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद ठेवलेलं असतं. इंटेलच्या बोर्डावर ते 'पीटीटी' आणि एएमडीच्या बोर्डावर 'एफटीपीएम' या नावाने सापडतं. कागदावर ४ जीबी रॅम पुरत असली, तरी जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर ४ जीबीत विंडोज ११ म्हणजे छळ आहे. ८ जीबी रॅम आणि एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) नसेल तर या वाटेला जाऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता काटा. लातूरची दाळमिल असो, परभणीची जिनिंग असो की साखर कारखान्याचं गेट, वजनकाट्याचा इंडिकेटर संगणकाला नऊ पिनांच्या सिरियल केबलने जोडलेला असतो. नव्या संगणकांना हा पोर्ट बहुधा नसतोच, म्हणून मध्ये यूएसबी-टू-सिरियल कन्व्हर्टर लावतात. बाजारातल्या स्वस्त कन्व्हर्टरांत प्रोलिफिक कंपनीच्या जुन्या चिपा असतात, कित्येकदा त्यांच्या नकलाही. विंडोज ११ आपला नवा ड्रायव्हर (जोडलेलं उपकरण चालवणारा प्रोग्राम) चढवतं आणि तो ड्रायव्हर या चिपा ओळखून नाकारतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह येतं आणि नावाच्या जागी 'ही चिप २०१२पासून बंद झाली आहे, विक्रेत्याशी संपर्क साधा' अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर दिसतो. काटा बिघडला असं समजून काटेवाल्याला बोलावलं जातं. काट्याला काहीच झालेलं नसतं. जुना ड्रायव्हर हाताने निवडून काम भागवता येतं, पण पुढच्या अपडेटला विंडोज पुन्हा नवाच चढवतं. त्यापेक्षा एफटीडीआय चिपची चांगली केबल घ्यावी.

केबल बदलली तरी वजन आलं नाही, तर पोर्टचा नंबर बघा. कन्व्हर्टर दुसऱ्या यूएसबी खाचेत लावला की कॉम ३चा कॉम ७ होऊ शकतो, आणि जुनी काटापट्टी सॉफ्टवेअर कॉम १ ते ४च्या पलीकडे पाहतच नाहीत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पोर्टच्या प्रॉपर्टीज, मग पोर्ट सेटिंग्ज, मग ॲडव्हान्स्ड, आणि तिथे जुना नंबर द्यायचा. वेगही जुळला पाहिजे: इंडिकेटर २४०० बॉडवर पाठवत असेल आणि पोर्ट ९६००वर असेल, तर आकड्यांऐवजी कचरा येतो. खात्री करायला 'पुट्टी' हा फुकट मिळणारा छोटा प्रोग्राम पुरतो. तो सिरियलवर लावून काट्यावर माणूस उभा केला आणि आकडे सरकताना दिसले, तर केबल, पोर्ट आणि वेग तिन्ही बरोबर आहेत. दोष सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये शोधायचा. आकडे अजिबातच आले नाहीत, तर दोन, तीन आणि पाच नंबरच्या पिना तपासा. बहुतेक काट्यांचं काम या तीन तारांवरच चालतं, आणि नवी केबल घेताना दोन-तीनची अदलाबदल हमखास होते.

प्रिंटरची गोष्ट थोडक्यात. ३२-बिट विंडोजचा ड्रायव्हर ६४-बिटवर चालत नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच येतं. तेव्हा आपल्या प्रिंटरचा ६४-बिट ड्रायव्हर कंपनीच्या साइटवर आहे की नाही, हे आधी पाहून तो पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. डॉट मॅट्रिक्सला कंपनीचा ड्रायव्हर मिळाला नाही, तर 'जेनेरिक टेक्स्ट ओन्ली' चालतो, मात्र त्यावर मराठी छापून येत नाही. पावतीचा कागद १० बाय ६ इंची असेल, तर ते माप नव्या विंडोजला माहीत नसतं. मग पहिली पावती बरोबर येते, दुसरी दोन बोटं खाली आणि तिसरी थेट जोडावर. 'प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज'मध्ये नवा फॉर्म तयार करून रुंदी-उंची भरली आणि प्रिंटरला तोच फॉर्म दिला की हा घोळ मिटतो. थेट एलपीटी १ या जुन्या प्रिंटर पोर्टवर छापणारं जुनं सॉफ्टवेअर यूएसबी प्रिंटरकडे पाहत नाही. प्रिंटर शेअर करून 'नेट यूज' या कमांडने एलपीटी १ त्या शेअरला जोडावा लागतो. आणि 'प्रोटेक्टेड प्रिंट मोड' सुरू करायचा का, असं विंडोजने विचारलं तर नको म्हणा. तो सुरू केला की कंपन्यांचे जुने ड्रायव्हर बाजूला पडतात.

पतसंस्था आणि विविध कार्यकारी सोसायट्यांत डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीवरची, फॉक्सप्रो या डेटाबेसमधली खतावणी अजून आहे. ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तीस वर्षांचे शिल्लकबंद हिशोब तिच्यात आहेत. ती ३२-बिट विंडोजवर चालत होती, कारण त्या विंडोजमध्ये १६-बिट प्रोग्रामसाठी वेगळी सोय होती. ६४-बिटमध्ये ती सोयच नाही. 'कम्पॅटिबिलिटी मोड'मध्ये विंडोज एक्सपी निवडून काही होणार नाही. तो मोड १६-बिटला उपयोगी नाही, तरी त्यावर लोकांचा अर्धा दिवस जातो. मार्ग दोन आहेत. एक म्हणजे 'व्हीडॉस', जो कार्यालयीन डॉस प्रोग्रामांसाठीच बनवलेला आहे आणि छपाईही सांभाळतो. डॉसबॉक्स मुळात खेळांसाठी आहे. दोन टेबलांवरून एकच खतावणी उघडणाऱ्या संस्थेने त्याच्या भरवशावर राहू नये. दुसरा मार्ग व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) जुनी ३२-बिट विंडोज बसवून तिला इंटरनेट न देता वापरण्याचा. कोणताही मार्ग धरा, त्याआधी खतावणीच्या नोंदी असलेल्या डीबीएफ फायली आणि त्यांच्या जोडीच्या एफपीटी फायली एका फोल्डरमध्ये काढून लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये उघडून पाहा. आकडे दिसले म्हणजे निदान नोंदी आपल्या हातात आहेत.

व्हिज्युअल फॉक्सप्रोत केलेली सॉफ्टवेअर ३२-बिट असल्याने विंडोज ११वर चालतात. मात्र ती 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये बसवली, तर लिहिलेल्या नोंदी विंडोज गुपचूप प्रत्येक युजरच्या वेगळ्या कोपऱ्यात साठवू शकतं. मग सकाळच्या क्लार्कने केलेली नोंद दुपारच्याला दिसत नाही आणि एकमेकांवर संशय सुरू होतो. अशी सॉफ्टवेअर सी ड्राइव्हवर स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवावीत. 'डॉट नेट ३.५' मागणारी बिलिंग सॉफ्टवेअर अडली, तर तो भाग विंडोजच्या आयएसओमधल्या (विंडोज बसवायच्या एकत्र फाइलमधल्या) 'सोर्सेस'च्या 'एसएक्सएस' फोल्डरमधून नेटशिवायही बसवता येतो. टॅली वापरणाऱ्यांनी फॉरमॅट मारण्याआधी लायसन्स सरेंडर करावं आणि डेटा फोल्डरमधले आकड्यांच्या नावांचे फोल्डर वेगळे काढावेत.

सगळ्यात जास्त रडवतात ते मराठी फॉन्ट. कृतीदेव, श्रीलिपी, आयएसएमचे जुने फॉन्ट हे युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी जागतिक पद्धत) नाहीत. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली आहेत. फाइलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच साठलेली असतात. फॉन्ट असेपर्यंत ती मराठी दिसतात. विंडोज आहे त्यावरच अपग्रेड केलं तर फॉन्ट राहतात. फॉरमॅट मारून नवं टाकलं की फॉन्ट गेले, आणि ग्रामसभेचं इतिवृत्त उघडलं की चिन्हांची खिचडी समोर येते. फाइल 'करप्ट' झाली म्हणून ती पुसून टाकणारेही आहेत. मजकूर शाबूत असतो. सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरमधला 'फॉन्ट्स' फोल्डर आधीच पूर्ण कॉपी करून ठेवावा. फॉन्ट परत टाकला की मजकूर परत दिसतो. ज्या टायपिंग सॉफ्टवेअरला डोंगल (परवान्याची किल्ली म्हणून संगणकाला लावायचं उपकरण) लागतं, त्यांचं दुखणं वेगळं: डोंगलचा जुना ड्रायव्हर विंडोज ११च्या 'मेमरी इंटिग्रिटी' या सुरक्षेला चालत नाही. विंडोज सिक्युरिटीमध्ये 'डिव्हाइस सिक्युरिटी' आणि मग 'कोअर आयसोलेशन' उघडलं की न चालणाऱ्या ड्रायव्हरची नावं तिथे सापडतात. सुरक्षा बंद करण्याआधी नवा ड्रायव्हर शोधा. बहुतेक वेळा मिळतो.

याच निमित्ताने जुना मजकूर युनिकोडमध्ये आणून घ्यावा. कन्व्हर्टर अनेक आहेत, पण त्यांच्यावर डोळे झाकून विश्वास नको. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये दोन्हीचा क्रम उलटा. कन्व्हर्टरने हा क्रम नीट फिरवला नाही, तर नेमकी आडनावं बिघडतात. तपासायला एका कागदावर कुलकर्णी, सूर्यवंशी, बिराजदार, क्षीरसागर आणि कऱ्हाळे ही आडनावं जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून कन्व्हर्टरमधून काढा. 'कऱ्हाळे'तला अर्धा र बहुतेकांना जमत नाही. सातबारा, मतदारयादी किंवा शाळेच्या जनरल रजिस्टरशी ताळा लावायचा असेल, तर हे पाच शब्द बरोबर आल्याशिवाय पुढे जाऊ नये. आकडेही पाहा, काही कन्व्हर्टर मराठी आकडे चिन्हांत बदलतात.

युनिकोडवाल्यांनाही एक धक्का बसतो. मंगल हा फॉन्ट विंडोज ११मध्ये आपोआप असेलच असं नाही. तो 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' नावाच्या वेगळ्या भागात आहे, आणि नसला तर त्याच्या जागी निर्मला यूआय येतो. मजकूर वाचता येतो, पण ओळींची लांबी बदलते, एका पानाचा दाखला दीड पानावर जातो आणि सही-शिक्क्याची जागा पुढच्या पानावर सरकते. सेटिंग्जमधल्या 'ऑप्शनल फीचर्स'मधून तो भाग घेतला की सगळं जागेवर येतं.

डिजिटल सहीच्या टोकनबाबत एकच धोका मोठा आहे. विंडोज बदलल्यावर टोकन दिसत नाही, मग कुणीतरी टोकनच्या सॉफ्टवेअरमध्ये 'इनिशियलाइझ' दाबतो. त्याने सर्टिफिकेट पुसलं जातं आणि नवं काढावं लागतं. ग्रामपंचायतींच्या ई-ग्रामस्वराज पोर्टलवर सही सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) दोघांची लागते, त्यामुळे एकाचं टोकन गेलं तरी वित्त आयोगाच्या निधीची देयकं थांबतात. बरोबर क्रम असा: टोकन काढून ठेवा, जुना ड्रायव्हर अनइन्स्टॉल करा, संगणक रीस्टार्ट करा, नवा ड्रायव्हर 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने बसवा आणि मगच टोकन लावा. सर्टिफिकेट टोकनच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसतं पण वेबसाइटवर नाही, असं असेल तर टोकन ठीक आहे. सही करणारा छोटा प्रोग्राम पार्श्वभूमीला सुरू नाही किंवा ब्राउझर त्याला अडवतो आहे. पिन आठवत नसेल तर अंदाजाने टाकत बसू नका, ठरावीक चुकांनंतर टोकन लॉक होतं.

अंगठ्याच्या मशीनचंही तसंच. सेवा केंद्रांत आता एल १ (सुरक्षेच्या नव्या पातळीची) मशीन लागतात; एमएफएस १०० हे जुनं एल ० मशीन चालेना म्हणून विंडोजला दोष देऊ नका, तिथे एमएफएस ११०सारखं मशीनच हवं. मशीन बरोबर असेल तर 'सर्व्हिसेस'च्या यादीत त्याची आरडी सर्व्हिस (अंगठा आधारकडे पाठवणारा पार्श्वभूमीचा प्रोग्राम) सुरू आहे का ते पाहा. ही सर्व्हिस संगणकाच्या आतच १११०० ते १११२० या पोर्टांवर ऐकत असते आणि नव्याने बसवलेला अँटिव्हायरस तिला हमखास अडवतो. इंटरनेट एक्सप्लोरर मागणाऱ्या जुन्या साइटसाठी एज ब्राउझरच्या सेटिंगमध्ये 'आयई मोड'ला परवानगी द्या. तिथे टाकलेला पत्ता ३० दिवसांनी निघून जातो, म्हणून महिन्याने 'साइट पुन्हा बंद पडली' अशी हाकाटी होते. पत्ता परत टाकायचा, एवढंच.

एकाच कार्यालयात चार संगणक असतील, तर शेअर केलेला फोल्डर उघडेनासा होणं हा विंडोज ११च्या २४एच२ या आवृत्तीपासूनचा नेहमीचा अनुभव. तिच्या प्रो प्रकारात पासवर्डशिवायचा 'गेस्ट' प्रवेश मुळातच बंद असतो. नेटवर सुरक्षा बंद करायच्या रजिस्ट्रीच्या युक्त्या सापडतील. त्या करू नका. ज्या संगणकावर फोल्डर आहे तिथे पासवर्डसकट एक साधा युजर तयार करा आणि बाकीच्यांवर तोच 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मध्ये भरा.

हे सगळं वाचून धास्ती वाटली असेल, तर सुरक्षित रीत सांगतो. जुन्या डिस्कएवढा किंवा मोठा नवा एसएसडी घ्या, क्लोनझिला या प्रोग्रामने जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल त्यावर करा, जुनी डिस्क काढून नाव-तारीख लिहून कपाटात ठेवा आणि विंडोज ११ नकलेवर चढवा. काही बिघडलं तर केबल परत जुन्या डिस्कला. फक्त दोन्ही डिस्क एकदम जोडून संगणक सुरू करू नका. एसएसडी घेणं जमत नसेल, तर अपग्रेडनंतर १० दिवसांपर्यंत 'गो बॅक'ने जुन्या विंडोजवर परतता येतं, पण त्या मुदतीत 'डिस्क क्लीनअप'ने जुनी विंडोज साठवलेला 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डर पुसला की तो रस्ता बंद. म्हणून या दहा दिवसांत प्रत्येक प्रकारची एक पावती, एक सही, एक अंगठा आणि एक वजन घेऊन पाहा.

जुनी डिस्क एमबीआर पद्धतीची (डिस्कच्या भागांची नोंद ठेवण्याची जुनी रीत) असेल, तर सिक्युअर बूटसाठी ती जीपीटी या नव्या पद्धतीची करावी लागते. त्यासाठीचं मायक्रोसॉफ्टचं साधन विंडोजमध्येच आहे, पण आपल्याकडे दुकानदार सी, डी, ई असे भाग करून देतात आणि त्यातले डी, ई बहुधा एक्स्टेंडेड पार्टिशनमध्ये असतात. असं असेल तर ते साधन काम नाकारतं. आधी त्या भागातला डेटा बाहेर काढून ते भाग मोडावे लागतात. हे काम किंवा बायोसचं अपडेट चालू असताना वीज गेली तर संगणक उभाच राहत नाही, तेव्हा चालू बॅटरीचा यूपीएस असल्याशिवाय हात लावू नका. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) सुरू असेल तर तो आधी 'सस्पेंड' करा आणि ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. आयएसओ ५ जीबीच्या वर असतो. शाळेच्या लॅबला तो एकदाच उतरवून एक्सफॅट किंवा एनटीएफएस केलेल्या पेनड्राइव्हवरून सगळीकडे वापरता येतो. फॅट ३२वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.

ज्यांचं यंत्र विंडोज ११च्या अटींत बसत नाही, त्यांना 'बायपास मारून देतो' म्हणणारे भेटतील. विंडोज चढतं, पण पुढचे अपडेट मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि कोअर टू ड्युओच्या काळातल्या प्रोसेसरांवर २४एच२ सुरूच होत नाही, कारण त्या आवृत्तीला लागणाऱ्या काही आज्ञा (इन्स्ट्रक्शन) या प्रोसेसरांना कळतच नाहीत. त्यापेक्षा घरगुती वापराच्या विंडोज १०ला १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतचे वाढीव सुरक्षा अपडेट घ्या. २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचं खातं हवं, आणि सेटिंग्जचा बॅकअप सिंक केला तर पैसेही लागत नाहीत. काटापट्टीपुरता संगणक नेटपासून तोडून जुन्याच विंडोजवर ठेवणं यातही काही कमीपणा नाही. फक्त त्यावर कुणाचाही पेनड्राइव्ह लावू देऊ नका.

वेळेचंही पाहा. जूनमध्ये दाखल्यांची गर्दी, जुलैअखेर खरिपाचा पीकविमा, नोव्हेंबर आणि डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात रब्बीचा, मार्चमध्ये वर्षअखेर. सेवा केंद्रांनी आणि संस्थांनी हा बदल डिसेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंत करावा, तोही एका वेळी एकच संगणक.

सरकारी पोर्टल चालवणाऱ्यांकडे आमची मागणी एवढीच: सही, अंगठा किंवा छपाईसाठी जे छोटे प्रोग्राम तुम्ही उतरवायला लावता, ते विंडोजच्या कोणत्या आवृत्तीवर तपासले आहेत आणि शेवटचे कधी तपासले, हे त्याच पानावर मराठीत लिहा. आणि संस्थांच्या खरेदी समित्यांनी यापुढे सॉफ्टवेअर घेताना ६४-बिट ड्रायव्हर आणि सगळा डेटा साध्या तक्त्यात काढून देण्याची अट करारातच टाकावी. बिल अदा झाल्यावर या गोष्टी मागितल्या तर कुणी देत नाही.

आपले,
संगणक दुरुस्तीची कामं करणारे काही वाचक
लातूर – नांदेड – परभणी